भरती, वारा आणि दोन शेगड्या

समुद्रकाठच्या सुट्टीचे दोन प्रकार पुण्याच्या मध्यमवर्गाला पाठ असतात. पहिला हॉटेलचा. दुसरा कोकणातल्या घरगुती मुक्कामाचा, ज्यात यजमानीणबाई आदल्या संध्याकाळी "उद्या किती पाने?" एवढेच विचारतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोलकढीसकट भरलेले ताट समोर येते. अख्खे घर काही दिवसांसाठी भाड्याने घ्यायचे, किराणा आपण भरायचा आणि त्या घरातल्या स्वयंपाकघरात आपले आपण रांधून खायचे, हा तिसरा प्रकार आपल्याकडे अलीकडे आला असे समजले जाते. ते काही खरे नाही. हवापालटाला जाण्याची जुनी पद्धत हीच होती. लोणावळा, देवळालीसारख्या ठिकाणी निरनिराळ्या समाजांची आरोग्यधामे असत. तिथे खोली मिळे, स्वयंपाकापुरती जागा मिळे आणि बाकीचा संसार ज्याचा त्याने ट्रंकेतून न्यायचा असे. माझ्या सासूबाई लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांच्या, दम्यासाठी लोणावळ्याला अशा एका आरोग्यधामात राहिल्या होत्या. त्या मुक्कामातल्या टेकड्या त्यांना फारशा आठवत नाहीत. रॉकेलचा स्टोव्ह केव्हा भडकायचा आणि त्याची पिन कुठल्या खिळ्याला अडकवलेली असायची, हे मात्र लख्ख आठवते. हवा घरातल्या पुरुषांची पालटे. बायकांचे फक्त स्वयंपाकघर पालटे.

त्यामुळे मुलीने दिवाळीच्या सुट्टीसाठी कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचे एक घर शोधून काढले आणि "स्वयंपाकघर पूर्ण सुसज्ज आहे" हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले, तेव्हा मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मुलीचा हेतू स्वयंपाकाचा नव्हता. तिला सर्फिंग शिकायचे होते, आणि जाऊबाईंच्या दोन्ही मुलांना तिने आधीच आपल्या पक्षात ओढले होते.

सर्फिंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हवाई बेटे किंवा ऑस्ट्रेलिया येते. आपल्याच अरबी समुद्राच्या काठी, मंगळुरू आणि उडुपी यांच्या दरम्यान असलेल्या मुल्की या गावात २००४ पासून सर्फिंग शिकवले जाते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. तिथला मंत्रा सर्फ क्लब हा देशातल्या पहिल्या सर्फिंग संस्थांपैकी एक, आणि तो उभा केला जॅक हेबनर या मूळच्या अमेरिकन, वैष्णव संन्यास घेतलेल्या गृहस्थांनी. त्यांना सगळे ‘सर्फिंग स्वामी’ म्हणत. पहाटे जप आणि मग लाटा, असा त्या आश्रमाचा दिनक्रम. त्याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेला, मणिपालजवळच्या कोडी बेंगरे येथे इशिता मालवीय या मुंबईच्या मुलीने २००७ मध्ये आपल्या जोडीदाराबरोबर शाका सर्फ क्लब सुरू केला. भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून तिचे नाव घेतले जाते. पुढे टोकियो ऑलिम्पिकमध्ये सर्फिंगचा समावेशही झाला. ही सगळी माहिती माझ्या मुलीने जेवणाच्या टेबलावर वकिली बाण्याने मांडली. माझ्या यजमानांचा आक्षेप खेळाला नव्हताच, तो समुद्राला होता.

तो आक्षेप पुण्यात नवा नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्यातल्या महाविद्यालयीन मुलांची सहल बुडाली, ती बातमी ज्या घरांत मुले आहेत त्या घरांनी अजून विसरलेली नाही. आपली मुले टिळक तलावात पोहायला शिकतात. तिथे पाण्याला तळ असतो, कडा असते आणि शिट्टी वाजवणारा माणूस असतो; त्या शिक्षणातून समुद्राविषयी काहीच कळत नाही, उलट फाजील आत्मविश्वास तेवढा येतो. घरात बराच खल झाल्यावर असे ठरले की शिकायचे ते परवानाधारक प्रशिक्षकाकडेच, आणि प्रशिक्षक नसताना गुडघ्याच्या वर पाण्यात कोणी जायचे नाही. हा नियम सासूबाईंनी घातला. गुहागरकडच्या माहेरामुळे समुद्राच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा असतो.

भाऊबीज आटोपून आम्ही दोन गाड्यांनी निघालो. पुण्याहून आठवड्यातून एकदा एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्सप्रेस कोकण रेल्वेच्या मार्गाने त्या बाजूला जाते आणि सामान थोडे असते तर मी तीच सुचवली असती. पण ज्या घरात आपण रांधणार आहोत त्या घराला जाताना सामान थोडे नसते. साताऱ्यापासून हुबळीपर्यंतचा महामार्ग सरळ आहे, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. यल्लापूर ओलांडून आरबैल घाट उतरू लागलो की हवा दमट होते, झाडी दाटते, आणि अंकोल्याला राष्ट्रीय महामार्ग ६६ गाठल्यावर उजवीकडे समुद्र आणि डावीकडे सह्याद्री असा प्रवास सुरू होतो. गाडीच्या मागच्या भागात चिवड्याचे, चकल्यांचे आणि लाडवांचे डबे होते. त्याशिवाय गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पोळपाट-लाटणे आणि जाऊबाईंचा स्वतःचा तवा. दुसऱ्याच्या तव्यावर पोळी नीट होत नाही, हे त्यांचे मत मी वादासाठी कधी घेत नाही, कारण ते बरोबर आहे.

घर नदी आणि समुद्र यांच्यामधल्या नारळीच्या पट्टीत होते. मुल्कीजवळ शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या ससिहित्लू येथे एकत्र येऊन समुद्राला मिळतात, आणि मुखाशी वाळूची जी जीभ तयार होते ती दर पावसाळ्यात थोडीफार आपली जागा बदलते. किनाऱ्याच्या काही भागांत धूप रोखण्यासाठी मोठाले दगड टाकलेले दिसतात. घर जांभ्याचे, उतरत्या छपराचे, आणि छपरावर अर्थातच मंगळुरी कौले. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरूला कौलांचा पहिला कारखाना काढला आणि तिथली कौले सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरली. आमच्या एरंडवण्यातल्या जुन्या बंगल्यावरही तीच होती. तो बंगला पाडून इमारत झाली तेव्हा ती कौले भंगारात गेली, आणि इथे ती एका साध्या घरावर पाऊस झेलत होती. घरात तीन खोल्या, एक लांब ओसरी, मागे उघड्यावर अंग धुण्यासाठी नळ, आणि ज्याचा एवढा बोलबाला होता ते स्वयंपाकघर.

त्या स्वयंपाकघरात दोन शेगड्या होत्या. माणसे आम्ही नऊ.

घर भाड्याने देणारी मंडळी छायाचित्रे समुद्राची टाकतात, झोपाळ्याची टाकतात, सूर्यास्ताची तर टाकतातच. शेगड्या किती आणि सर्वांत मोठे पातेले केवढे, हे सांगण्याची तसदी कोणी घेत नाही. "सुसज्ज" म्हणजे सहा काचेचे पेले, वाइनच्या बाटलीचे बूच काढण्याचे यंत्र आणि एक लहानसा कुकर, असा अर्थ तिथे होता. नारळ खवण्याची खवणी मात्र उत्तम होती, आणि ते त्या मुलखाला शोभणारेच होते. पाण्याचा नळ, ओटा आणि शीतकपाट यांच्यातले अंतर बाईने ठरवलेले नाही हे दहा मिनिटांत कळते. असो. यात घराच्या मालकांवर राग नाही. त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की लोक येतील, चहा आणि मॅगी करतील आणि जेवायला बाहेर जातील. नऊ माणसांचे मराठी बिऱ्हाड डब्यांसह येऊन थडकेल, असा विचार त्यांनी केला नसावा.

आल्या संध्याकाळीच सासूबाईंनी ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसून एक घोषणा केली. "मी इथे हवापालटाला आलेय. ओट्याशी मी उभी राहणार नाही. चहा मिळाला तर घेईन." घरातल्या कोणालाच याची कल्पना नव्हती. पुण्यात आजही सकाळची आमटी त्यांच्याशिवाय फोडणीला पडत नाही; कोणी त्यांना स्वयंपाकघरातून उठवू पाहिले तर त्या रुसतात. लोणावळ्याच्या त्या स्टोव्हचा हिशेब इतक्या वर्षांनी असा चुकता होत होता, हे माझ्या लक्षात आले आणि मी काही बोलले नाही. माझे यजमान "आईला बरं वाटत नाहीये का?" असे हळूच विचारून गेले.

आता सर्फिंगच्या वेळेचे गणित सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. शाळेत भूगोलाच्या पेपरात खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक लिहा असा प्रश्न असे, आणि त्या फरकाचा आयुष्यात कधी उपयोग होईल असे आपल्यापैकी कोणाला वाटले नसेल. रात्रभर जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा येणाऱ्या लाटेच्या तोंडावर समोरून दाब देतो, त्यामुळे लाट लगेच कोसळत नाही, उभी राहते, गुळगुळीत राहते आणि व्यवस्थित फुटते. दिवस वर आला, जमीन तापली, की वारा फिरतो. समुद्राकडून येणारा खारा वारा लाटेला मागून ढकलतो आणि पाणी सगळीकडे विस्कटते. म्हणून सर्फिंग शिकायचे तर उजाडताच पाण्यात असले पाहिजे. दहा-अकरानंतर शिकण्याजोगे फारसे उरत नाही.

लाटाही सगळ्या एका जातीच्या नसतात. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा एकामागून एक, चार-पाच सेकंदांच्या अंतराने, घाईघाईने येतात. दक्षिण महासागरात, हजारो किलोमीटर दूर झालेल्या वादळांतून निघालेल्या लाटा मात्र कित्येक दिवसांचा प्रवास करून येतात, त्यांच्यातले अंतर दहा-पंधरा सेकंदांचे असते, आणि दिसायला त्या लहान असल्या तरी त्यांच्यात जोर असतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे दोन फुटांची लाट जेमतेम अडीच फूट पाण्यात फुटते, आणि नवशिक्यांचे सगळे शिक्षण त्या फुटलेल्या लाटेच्या फेसात, कमरेइतक्या पाण्यात चालते. हे ऐकल्यावर माझ्या यजमानांचा चेहरा पुष्कळ निवळला. पावसाळा सरल्यानंतरच्या या महिन्यांत लाटा सौम्य असतात. अर्थात याच दिवसांत अरबी समुद्रात चक्रीवादळेही उठतात. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरचे क्यार त्याच जातीचे. म्हणून मुलगी रोज रात्री हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्राचा अंदाज पाहत असे. आमच्या शहरात १९२८ पासून हवामान खात्याचे कार्यालय आहे आणि जुने लोक त्याला अजून सिमला ऑफिस म्हणतात. पण वेधशाळेच्या अंदाजावर विश्वासून छत्री घरी ठेवणारा पुणेकर माझ्या पाहण्यात नाही. मुलगी मात्र तो समुद्राचा अंदाज पोथीसारखा वाचत होती.

वाऱ्याचे वेळापत्रक रोज सारखे असते, भरतीचे नसते. पहिल्या सकाळी प्रशिक्षकाने सांगितले की या किनाऱ्यावर अर्धी ओहोटी झालेली वेळ नवशिक्यांना चांगली, कारण तेव्हा लाटा आत वाळूच्या उंचवट्यावर फुटतात आणि फेस लांबवर येतो. पूर्ण भरतीला त्या अगदी काठाशी, एकदम आपटतात आणि माणसाला वाळूत घासतात. ओसरीवर बसलेल्या सासूबाईंनी हे ऐकले आणि भिंतीवरचे कालनिर्णय मागितले. भिंतीवर ते नव्हते, कारण घर मराठी माणसाचे नव्हते. मग मोबाइलवर पंचांग उघडून दिले. "चतुर्थी ना आज? चाराचे पाऊणपट तीन. तीन वाजता भरती, नवाला ओहोटी. म्हणजे सहा-साडेसहाला निम्मी ओसरलेली असणार." कोकणात तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढण्याचा हा हिशेब पूर्वी प्रत्येक घरात येत असे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्याबरोबर मागे सरकते. पाऊणपट म्हणजे रोजची ४५ मिनिटे, तोंडी गणिताला सोयीची. भरती पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येते, त्यामुळे तिथली वेळ सासूबाईंच्या वेळेच्या थोडी आधी पडत असे. तेवढी वजाबाकी त्यांनी एका दिवसात शिकून घेतली, आणि तिथून पुढे प्रशिक्षक मुलाने घराच्या दारात उभे राहून "अज्जी, नाळे?" असे विचारून दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवायला सुरुवात केली. त्याच्याकडे भरतीचे तक्ते होतेच, मोबाइलमध्ये. त्याने विचारणे हा त्याचा सुसंस्कृतपणा होता.

या दोन घड्याळांची ओढाताण आठवड्याच्या मध्यात सुरू झाली. अष्टमी आली, आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे नेमकी उजाडताना भरती. अष्टमीची भरती भांगाची, फार चढत नाही, म्हणून तो दिवस निभावला. पण नवमी-दशमीला भरती पावणेसात-साडेसातवर गेली आणि प्रशिक्षक म्हणू लागला की नऊपर्यंत थांबा. नऊला थांबावे तर वारा फिरायला तासभरच उरतो. वारा म्हणतो लवकर या, भरती म्हणते उशिरा या, आणि या दोघांच्या मधल्या फटीत नऊ माणसांचा नाश्ता बसवायचा होता.

सर्फिंगची भूक ही वेगळीच चीज आहे. आठ-नऊ फुटांची मऊ फळी पाण्यात रेटत न्यायची, तिच्यावर पालथे पडून हातांनी पाणी मारत लाटेच्या पुढे राहायचे, आणि लाटेने धरले की एका झटक्यात पायांवर उभे राहायचे. यातले उभे राहणे क्षणाचे आणि बाकीचे सगळे खांद्यांचे काम. दीड तासाने मुले परत येत तेव्हा ती बोलण्याच्या अवस्थेत नसत. त्या वेळी ओट्यावर पोहे भिजत असून चालत नाही, ते ताटात असावे लागतात. पहिले दोन दिवस फराळाच्या डब्यांनी तारले. तिसऱ्या दिवशी चिवडा संपला आणि प्रश्न उघडा पडला, की पहाटे पाच वाजता उठून हे कोण करणार.

पुण्यातल्या घरात या प्रश्नाचे उत्तर विचारावे लागत नाही, ते ठरलेले असते. इथे ते ठरवता येईना, कारण ज्यांच्याभोवती आमचे स्वयंपाकघर फिरते त्या ओसरीवर बसून तिथी मोजत होत्या, आणि मी व जाऊबाई, दोघींनीही वर्गात नाव घातलेले होते. होय, आम्हीही. प्रशिक्षक दोन तुकड्या करून शिकवत असे, एकीला आधी आणि दुसरीला नंतर, कारण एका वेळी मोजकीच माणसे नजरेखाली ठेवता येतात. तीच विभागणी जाऊबाईंनी ओट्यावर आणली: पहिली तुकडी पाण्यात असताना दुसरीने रांधायचे, पहिली परतली की तिने खाऊन भांडी घासायची आणि दुसरी पाण्यात. यात वय, नाते आणि बाईपुरुष असा भेद ठेवलेला नव्हता, आणि तो ठेवला नव्हता याचे कारण न्यायबुद्धी नसून निव्वळ अंकगणित होते. तुकड्या पोहण्याच्या सवयीवरून पाडल्या गेल्या. माझे यजमान, दीर आणि बारावीतला पुतण्या, असे तिघे एका सकाळी एका ओट्याशी उभे राहिले.

दिरांना थालीपीठ येते हे जाऊबाईंनाही ठाऊक नव्हते. त्यांनी ते कुठे शिकले याचे स्पष्टीकरण त्यांनी दिले नाही. माझे यजमान नारळ खवू लागले, आणि एखादे काम सापडले की ते त्याचे शास्त्र करतात, त्याप्रमाणे पाठीला लागलेला तपकिरी भाग अजिबात न येऊ देता खवण्यावर त्यांनी जे प्रावीण्य मिळवले त्याबद्दल ते अजून बोलतात. पहिल्या सकाळी मीठ कुठे आहे, पातेले कोणते घेऊ, गॅस किती ठेवू, असे प्रश्न त्यांनी ओसरीकडे तोंड करून विचारले. सासूबाई म्हणाल्या, "मला काय विचारता, मी पाहुणी आहे." दुसऱ्या सकाळपासून प्रश्न थांबले. त्यांच्या त्या एका वाक्याने जेवढे काम केले तेवढे आमच्या वर्षानुवर्षांच्या कुरकुरीने केले नव्हते, हे मी मान्य करते आणि त्याचा मला थोडा हेवाही वाटतो.

रांधण्याचा ऐवजही त्या मुलखाने बदलायला लावला. तिथला तांदूळ उकडा, तांबूस, जाड; त्याला कुचलक्की म्हणतात. तो शिजायला आपल्या आंबेमोहोराच्या कितीतरी पट वेळ घेतो, आणि दोन शेगड्यांच्या घरात ही चैन परवडत नाही, म्हणून तो रात्रीच शिजवून ठेवायचा असे ठरले. पोळ्यांचा घाट दुसऱ्याच दिवशी सुटला. नऊ माणसांच्या पोळ्या म्हणजे एक शेगडी तासभर अडकली. त्यापेक्षा नीर दोसा बरा. तांदूळ रात्री भिजवायचा, सकाळी ओल्या नारळाबरोबर पाण्यासारखा पातळ वाटायचा आणि तव्यावर ओतला की मिनिटभरात घडी घालून ताटात. आंबवायचे नाही, उलटायचे नाही. फर्ग्युसन रस्त्यावर उडुपी पद्धतीचे डोसे खात आमच्या पिढ्या वाढल्या. वैशालीचे जगन्नाथ शेट्टीही याच उडुपीच्या मुलखातून पुण्याला आलेले. पण घरी रोज होणारा हा साधा दोसा आमच्या हॉटेलांनी आम्हाला फारसा दाखवला नव्हता. तो आम्हाला कोपऱ्यावरच्या वाण्याच्या बायकोने शिकवला. ती कोकणी बोलत होती, आम्ही मराठी, आणि दोघींचे नव्वद टक्के तरी भागत होते, उरलेले हातांनी. बाजारात तुळू आणि कन्नड, तिथे मात्र बोटे दाखवण्यावर सारी मदार.

माशांचा प्रश्न नाजूक होता. सासूबाईंच्या घरात मासळी शिजत नाही. मुले बाहेर खातात हे त्यांना माहीत आहे आणि माहीत नसल्याचे त्या दाखवतात. इथे सकाळी सायकलवरून बांगडे आणि तारले दारात येत होते. तारल्यांना तिथे बूताई म्हणतात. जाऊबाई मूळच्या मालवणच्या, त्यांचे हात शिवशिवत होते. शेवटी मागच्या नळाजवळ, उघड्यावर, विटा मांडून नारळाच्या झावळ्यांवर एक वेगळी चूल पेटली, तिला वेगळी कढई मिळाली, आणि तिसरी शेगडी मिळाल्यामुळे आत जागा झाली ती झालीच. सासूबाईंनी आरामखुर्ची ओसरीच्या दुसऱ्या टोकाला हलवायला सांगितली; वारा तिकडून चांगला येतो, असे कारण दिले.

समुद्राने मला काय शिकवले असे कोणी विचारले तर एक गोष्ट सांगता येईल, आणि ती सर्वांना सांगण्याजोगी आहे. लाटांनी काठावर आणलेले पाणी परत जाण्यासाठी वाट शोधते, आणि वाळूच्या उंचवट्यात जिथे खोलगट फट असेल तिथून ते जोरात आत ओढले जाते. काठावरून पाहणाऱ्याला ती जागा सर्वांत शांत दिसते: तिथे फेस नसतो, लाट फुटत नाही, पाणी थोडे गडद असते. पोहता येणारा, पण समुद्र न जाणणारा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढले गेलो तर काठाकडे झटत राहायचे नाही, दम संपतो; किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचे, मग लाटाच आपल्याला काठाला आणून सोडतात. मुरलेले सर्फर याच ओढीचा उपयोग फळी घेऊन आत जाण्यासाठी करतात. प्रशिक्षकाने आम्हाला फळीला हात लावू देण्याआधी अर्धा तास वाळूवर बसवून हेच दाखवले. माझ्या यजमानांनी त्या अर्ध्या तासानंतर समुद्राविषयीचे आक्षेप मागे घेतले; टिळक तलावातही हे शिकवावे असा अर्ज ते करणार होते, तो अजून व्हायचा आहे.

मी उभी राहिले का, हा प्रश्न पुण्यात सगळे विचारतात. गुडघ्यांवर राहिले. फळी काठाला टेकेपर्यंत गुडघ्यांवर, ओरडत. जाऊबाई उभ्या राहिल्या, आणि मालवणच्या असल्याचा उल्लेख त्यांनी त्या दिवसात जरा जास्तच वेळा केला.

अशा घराची देखभाल हे एक वेगळेच प्रकरण आहे. खाऱ्या हवेने चाकूच्या पात्यावर रात्रीतून गंज येतो, काडेपेटी सर्दावते, मिठाचा गोळा होतो. वाळू घरात येऊ नये म्हणून मागच्या नळावर पाय धुण्याचा नियम होता आणि तरीही ती मोरीत, चादरीत आणि एकदा वरणातही सापडली. सर्फिंगच्या फळ्या सावलीतच ठेवाव्या लागतात, उन्हाने त्या फुगतात आणि त्यांच्यावरचे मेण वितळते. त्यामुळे ओसरीचा निम्मा भाग फळ्यांचा झाला. रोजचे ओले कपडे वाळत नाहीत. हॉटेलात हे सगळे कोणीतरी दुसरे निस्तरत असते आणि आपल्याला दिसत नाही. स्वतः रांधून राहायच्या घरात ते आपल्या वाट्याला येते, आणि ते कोणाकोणाच्या वाट्याला येते यावर त्या सुट्टीची चव अवलंबून असते. खोलीतून समुद्र दिसतो की नाही याला मी तरी आता फार महत्त्व देणार नाही.

पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तिथेच जायचे यावर घरात एकमत आहे, वाद आहे तो स्वयंपाकाच्या बाईंवरून. त्या वाण्याच्या बायकोने सांगून ठेवले आहे की ती किंवा तिची बहीण दोन्ही वेळचे जेवण करून द्यायला येईल, पैसेही वाजवी आहेत. जाऊबाईंचे मत असे की सुट्टीत भांडी घासण्यात काही पुरुषार्थ नाही, बाईंना बोलवावे आणि सर्वांनीच दोन्ही तुकड्यांत पाण्यात जावे. माझे म्हणणे, दुपारच्या जेवणाला जरूर बोलवावे, तेवढ्याच निमित्ताने पत्रोडे, म्हणजे तिकडच्या अळूवड्याही शिकता येतील. सकाळचा ओटा मात्र तुकड्यांकडेच ठेवावा, कारण बाई आल्या की दीर पुन्हा ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसतील आणि थालीपीठ त्यांना येत असल्याचे सगळे विसरतील. दीर यावर काही बोललेले नाहीत. सासूबाईंनी पुढच्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथी काढून ठेवल्या आहेत, आणि मुलीने मालकांना पत्र लिहून विचारले आहे की एखादी तिसरी शेगडी आणि मोठा कुकर ठेवता येईल का.